कच्च्या स्लॅबखालचा टेकू

ओल्या गोणपाटाचा वास आला की तलासरीच्या शाळेचं बांधकाम आठवतं. माझा दादा तिथे सुपरवायझर होता. नव्या स्लॅबवर गोणपाटं अंथरून दिवसभर पाणी मारलं जाई. मी डहाणूहून त्याचा डबा घेऊन पोहोचलो, तेव्हा कंत्राटदार ओरडत होता. उद्घाटनाची तारीख अलीकडे आली होती, म्हणून त्याला स्लॅबखालचे टेकू त्याच दिवशी काढायचे होते. "माणसं दुप्पट लाव," तो म्हणाला. दादा हसला. "दुप्पट माणसं झाडाखाली बसवली म्हणून चिकू लवकर पिकतो का, शेठ? स्लॅब कच्चा आहे, कोसळेल." कंत्राटदाराने हातोडा उचलला, तसा दादाने समोरचा टेकू दोन्ही हातांनी कवटाळला. "सोड," म्हणत त्याने हातोडा दादाच्या बोटांवरच घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. टेकूवरून रक्त ओघळलं, पण पकड सुटली नाही. त्याने पुन्हा हातोडा उगारला, तेव्हा मजुरांनी त्याला मागे ओढलं. टेकू राहिले, उद्घाटन पुढे गेलं. त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दादाला शेवटची आंघोळ घालताना मी ती वाकडी बोटं सरळ करू पाहिली, झाली नाहीत. आज त्या शाळेवरून गेलो. त्या छताखाली मुलं पाढे म्हणत होती.