रिकाम्या गाडीचं पत्र

“गाडी रिकामी धावते, सर. आणि इथं ‘भरपूर प्रवासी असतात’? हे खोटं कोणी लिहिलं?” एसटीच्या डेपो मॅनेजरनी पत्रावर बोट ठेवत विचारलं.

“मुलांनी,” मी म्हणालो.

शेजारी नववीतली वनिता उभी होती. पत्र तिचं. ते वाक्य माझं.

चामोर्शीजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. शाळा पाचला सुटते. वनिताच्या गावची गाडी साडेचारलाच निघून जायची. मग सात किलोमीटर जंगलातून पायी. रस्त्यावर वाघ दिसला, तेव्हा तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, “गाडी नाई, त शाळा नाई.” म्हणून वर्गाला पत्राचा विषय दिला, गाडीची वेळ बदला. तिनं लिहिलं होतं, ‘गाडी रिकामी जाते हे खरं आहे.’ मी ते खोडलं आणि वर माझं वाक्य घातलं. विरुद्ध बाजू आपणच कशाला सांगायची? वीस वर्षं हेच शिकवत आलो होतो.

परतताना तिनं विचारलं, “सर, माह्यं वाक्य काऊन खोडलं?”

“तुझी बाजू कमजोर पडली असती.”

“मंग आता लय मजबूत झाली का?”

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं. खोटं मी लिहिलं, आणि वरून तिच्यावर ढकललं. मग खुर्चीत बसलो. “मी मॅनेजर. गाडी रिकामी जाते. बोला.”

“तुमचं बराबर आहे, साहेब,” वनिता उठली. “पन साडेचारले आमी वर्गात असतो न जी! गाडीत काय बाकं बसतीन?”

वर्ग खो खो हसला. याला प्रतिवाद म्हणतात: समोरच्याचा मुद्दा आपणच मांडायचा, त्यातलं खरं मान्य करायचं, मग उत्तर द्यायचं. तिनं तसंच लिहिलं. खाली त्या रस्त्यावरच्या सतरा मुलामुलींच्या सह्या.

आम्ही पुन्हा डेपोत गेलो. मॅनेजरनी नवं पत्र दोनदा वाचलं. मी म्हणालो, “साहेब, मागचं खोटं वाक्य माझं होतं. हिचं नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “या पोरीनं मले बोलाले काही ठेवलंच नाई,” म्हणाले, आणि फोन उचलला.

सोमवारपासून गाडी सव्वापाचला सुटू लागली. पहिल्याच दिवशी सतराच्या सतरा चढले. वनिताला खिडकी मिळाली.

समोरच्याचं खरं असेल ते आधी मान्य करावं. नववीतल्या पोरीला हे आपसूक सुचतं. खोडायला मात्र बी.एड. लागतं.