दुपारी साइट कोण बघतं?

"पाटीलभाई, साइट बंद कर दो. आज ही."

रमणीकभाई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले. मी त्यांच्याच चहाचा पहिला घोट घेतला होता, तो गिळावा की नाही ते कळेना. सुरतेत रिंग रोडच्या मार्केटमध्ये त्यांचं साड्यांचं होलसेल दुकान आहे, आणि त्या दुकानाची वेबसाइट मी बनवलेली. वेबसाइट डिझाइन करणं हा माझा धंदा. घरी अजून काही नातेवाईक समजतात, की मी कॉम्प्युटर रिपेअर करतो. मीही आता त्यांना सुधारत नाही.

बंद करायचं कारण मीच त्यांच्या हातात दिलं होतं. साइटवर कोण येतं, याची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला आम्ही अॅनालिटिक्स म्हणतो. कुठल्या शहरातून माणूस आला, फोनवरून की कॉम्प्युटरवरून, कुठलं पान बघत किती वेळ थांबला, हे त्यात दिसतं. त्याचं नाव दिसत नाही, गल्ली दिसत नाही. शहरसुद्धा अंदाजानेच कळतं. असा एक छानसा रंगीत रिपोर्ट प्रिंट काढून मी शेठना दिला होता, शाबासकी मिळेल म्हणून.

साइट बनवली होती नागपूर, इंदूर, हैदराबादच्या व्यापाऱ्यांसाठी. रिपोर्टमध्ये बघावं तर सगळी गर्दी सुरतची. सगळी फोनवरून आणि बरीचशी दुपारची. त्याच त्याच फोनवरून माणसं परत परत यायची, नव्या साड्यांच्या पानावर बराच वेळ थांबायची आणि निघून जायची. ऑर्डरचा फॉर्म कुणीही भरत नव्हतं.

"सुरतवालों को क्या काम?" रमणीकभाई म्हणाले. "बाजूवाले देख रहे हैं. डिझाइन उठा रहे हैं."

ही भीती अगदीच हवेतली नव्हती. आमच्याकडे एका दुकानात नवी डिझाइन लागली, की समोरच्याच्या काचेत तिची बहीण उभी राहायला वेळ लागत नाही. रमणीकभाई नवा माल ओळखीच्या गिऱ्हाइकालाही आतल्या खोलीत नेऊन दाखवायचे. आणि मी तो सगळा जगासाठी उघडा केला होता.

माळ्यावरच्या छोट्या टेबलाशी त्यांची सून, हेतलबेन, मान खाली घालून बसली होती. साइटची कल्पना तिची. लग्नानंतर दुकानात यायचं म्हणून तिने सासऱ्यांना पटवलं होतं, आणि साइट सांभाळणं हेच तिचं दुकानातलं काम होतं. मी निघालो तशी ती जिन्यापर्यंत आली.

"पाटीलभाई, साइट गई तो मेरा टेबल भी गया," ती हळूच म्हणाली. "मग मी घरी बसून पापड लाटू?"

मी परत फिरलो आणि शेठकडे एक आठवडा मागून घेतला. मिळाला.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "लोक माझ्या साइटवर किती वेळ रमतात, माहितीये?"

"रमतात की अडकतात?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

माझा स्वतःचा सिद्धांत असा होता, की डिझाइन इतकी देखणी झालीय की लोकांचा पाय निघत नाही. तो मी बायकोसमोर पुन्हा काढला नाही.

मग शेठची शंका तपासायला घेतली. नक्कल करणारा माणूस एकदा बघेल, फोटो काढेल, कारागिराकडे जाईल. तीच साडी पुन्हा पुन्हा कशाला बघेल? आणि दुपारी मार्केटमध्ये कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्याला दुपारी फुरसत असते, असा सुरतेत कोण आहे? हा प्रश्न मला इतका चावायला लागला, की रिक्षात, हजीऱ्याच्या सिग्नलला, सगळीकडे मी फोन बघणाऱ्या माणसांच्या खांद्यावरून डोकावू लागलो. एका बाईने मला झापलंसुद्धा.

त्या रविवारी सुरतेतच लिंबायतला चुलतभावाकडे सत्यनारायण होता. भाऊ पॉवरलूमवर आहे, आमचा सगळा खानदेशी गोतावळा त्याच गल्लीत. जेवणं झाली, पुरुष आडवे झाले. संगीता वहिनी आणि शेजारच्या दोघी भिंतीला टेकून फोन घेऊन बसल्या. मी पाणी मागायला गेलो आणि वहिनींच्या फोनवर माझी साइट दिसली.

माझी छाती फुगली. "वहिनी, ही साइट मी बनवलीय!"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "तुम्ही? मग भाऊ, हाई हिरवं कसाले ठेवेल शे फोटोवर? दर वेळी कापनं पडस."

ते हिरवं म्हणजे माझं लाडकं 'ऑर्डर करा' बटण. स्क्रीन कुठेही सरकवा, ते साडीच्या फोटोवर तरंगत राहायचं. वहिनी साडीचा स्क्रीनशॉट काढायच्या, बटण कापायच्या, स्वतःचा भाव टाकायच्या आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकायच्या. घरबसल्या साड्या विकायचा त्यांचा धंदा होता. शेजारच्या दोघींचाही. अगदी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडच्या कॉलनीपर्यंत त्यांच्या मैत्रिणी हेच करत होत्या.

"मग बटण दाबून ऑर्डर का देत नाही?"

"दाबलं होतं एकदा," शेजारीण म्हणाली. "फर्मचं नाव विचारतो, जीएसटी नंबर विचारतो. माझी फर्म म्हणजे मी आणि ही गोधडी."

"मग साडी घेता कुठून?"

"रिक्षा करायची, दुकानात जायचं, फोटो दाखवायचा," वहिनी म्हणाल्या. "पण तो सेल्समन म्हणतो, नंबर सांगा. फोटोवर नंबर कुठंय?"

नंबर मीच काढून टाकला होता. सुरतेत प्रत्येक साडीच्या फोटोवर कोपऱ्यात डिझाइन नंबर असतो. मला तो फोटोवर डाग वाटला, म्हणून मी फोटो स्वच्छ केले होते.

सोमवारी मी आणि हेतलबेन गुपचूप काउंटरपाशी उभे राहिलो. दुपार उलटताच बायका येऊ लागल्या. एकेक जण फोन पुढे करायची, सेल्समन फोटो मोठा करून बघायचा, कपाटं उघडायचा, कधी साडी सापडायची, कधी नाही. साडी न सापडलेली बाई शेजारच्या दुकानात शिरायची. शेठ यांना 'छूटक', म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक म्हणत आणि त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

हेतलबेन सासऱ्यांना हाताला धरून काउंटरवर घेऊन आली. "पपाजी, आ जुओ. हेच आहेत तुमचे बाजूवाले."

रमणीकभाई एका बाईच्या फोनमध्ये बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ये फोटो हमारा है?"

"हो ना," बाई म्हणाली. "पण तुमच्या माणसाला साडीच सापडत नाही."

साइट राहिली. फोटोवर डिझाइन नंबर परत आले, हिरवं बटण खाली गेलं आणि फॉर्ममध्ये फक्त नाव आणि मोबाईल उरला. हेतलबेनने या बायकांसाठी वेगळा व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला. कुठल्या साडीवर लोक परत परत येतात, ते बघून ती आता शेठना सांगते की कुठला रंग आणखी छापायचा. शेठ आधी "ना ना" म्हणतात आणि मग तोच रंग छापतात. तिचं टेबल माळ्यावरून खाली, काउंटरच्या मागे आलंय. त्यावर पंखाही आहे.

पुढच्या रिपोर्टमध्ये लोक साइटवर थांबायचा वेळ बराच कमी झाला होता. काम लवकर उरकायला लागलं, तर कोण कशाला थांबेल? पण हे शेठना कसं समजवावं, या विचाराने तो रिपोर्ट मी रंगीत काढला नाही. आता नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो, की आकड्यांच्या आधी एवढंच विचारतो, तुमचा माल घेणारं माणूस हातात फोन घेऊन नक्की काय करतं? बहुतेकांना माहीत नसतं. मग मी त्यांच्या काउंटरपाशी स्टूल मागतो.