दोन महिन्यांसाठी गेलेली वेदिका

सुवर्णाला जुळ्या मुली झाल्या त्या आठवा महिना संपता संपता, सहा मिनिटांच्या अंतरानं. थोरली वेदिका दोन किलोची, आली तीच भोकाड पसरून. धाकटी ईशानी सव्वा किलोला जेमतेम. ती रडली की नाही हेसुद्धा सुवर्णाला कळलं नाही, कारण नर्सनं तिला उचलून तडक काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. तिथे ती तेवीस दिवस होती.

एरवी सुवर्णा बाळंतपणाला माहेरी, सायखेड्याला गेली असती. पण ईशानीला दर चार दिवसांनी डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून माहेरच नाशिकला आलं. तिची आई नवसाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन पाथर्डी फाट्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली आणि तीन महिने राहिली. मुलींचं तेल-पाणी, धुरी, सुवर्णाच्या पोटाला बांधायचं ते कापड, सगळं तिनं अंगावर घेतलं. मुलं वाढवणं अवघड असतं असं लोक उगीच म्हणतात, असं त्या दिवसांत सुवर्णाला वाटायचं.

मग सायखेड्याहून फोन आला. सुवर्णाचे वडील खंडेराव गोठ्यात घसरून पडले होते. गुडघा टम्म सुजलेला, दोन गाई दुभत्या, भाऊ संतोष नोकरीला पुण्यात. नवसाबाईला जावंच लागलं.

सुवर्णाचा नवरा ज्ञानेश अंबडच्या एका कंपनीत फिटर होता. त्याची आई तो शिकत असतानाच वारली होती. घरी असला की तो हात राखून वागायचा नाही. दुपटी धुवायचा, वरणभात लावायचा. पण शिफ्टला गेला की दहा तास सुवर्णा एकटी. ईशानीला दूध वाटी-चमच्यानं, थेंबाथेंबानं द्यावं लागे. पाऊण तास जाई. तेवढा वेळ वेदिका रडून रडून दमायची आणि आपली आपणच झोपून जायची.

"थोरली किती शहाणी आहे गं," येणारे-जाणारे म्हणायचे. सुवर्णालाही तसंच वाटायचं.

मुली पाच महिन्यांच्या असताना एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, दोघी एकदम रडायला लागल्या. सुवर्णानं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. तिनं दोघींना गादीवर शेजारी शेजारी ठेवलं, दार उघडलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. दोनच मिनिटं, कानाला जरा विश्रांती म्हणून. वाऱ्यानं दार धाडकन लागलं. लॅचचं कुलूप. किल्ली आत, फोन आत, मुली आत.

तिनं दार बडवलं, खांद्यानं ढकललं. खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाई आवाजानं धावत वर आल्या. पाथर्डीच्या शिवारात त्यांच्या मुलाचा झेंडूचा मळा होता. सकाळी देवळापुढे हार विकून त्या नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी आपल्या फोनवरून ज्ञानेशला बोलावलं आणि सुवर्णाला दंडाला धरून दारापाशी खाली बसवलं.

"बडवू नको. पोरी आणखी घाबरतात. दाराला तोंड लाव अन् बोलत राहा. काहीही बोल."

सुवर्णा बोलत राहिली. आज भाजी काय करायची, बाबा कुठल्या रस्त्यानं येतील, आजीच्या गाईंची नावं काय. पंचवीस मिनिटांनी ज्ञानेशनं येऊन आपल्या किल्लीनं दार उघडलं, तेव्हा ईशानी खोकत होती, हनुवटीवर दूध ओघळलेलं. वेदिका हुंदके देत देत झोपली होती.

संध्याकाळी दुपटी घड्या करताना ज्ञानेश म्हणाला, "एकीला सायखेड्याला ठेवू या का? दोनच महिने."

हाच विचार दुपारपासून सुवर्णाच्या मनात होता, आणि तो आला म्हणून ती स्वतःवरच चिडली होती.

कोणाला ठेवायचं, हे विचारायचीही गरज पडली नाही. ईशानीला डॉक्टर लागत होते. वेदिका धडधाकट; बाटलीनं दूध प्यायची, कुणाच्याही कडेवर जायची. तिनं त्रास दिला नव्हता, म्हणून तिला जावं लागलं.

पहिल्या आठवड्यात ठरल्या वेळेला सुवर्णाला पान्हा फुटायचा आणि ब्लाऊज भिजायचा. ईशानीला तेवढं दूध ओढवायचं नाही. मोरीत उभं राहून ती दूध पिळून टाकायची आणि सायखेड्यात या वेळी बाटली कोण धरत असेल, याचा विचार करायची. दर रविवारी ईशानीला ज्ञानेशकडे ठेवून ती निमाणीच्या स्टँडवरून सायखेड्याची बस पकडायची. पोचली की वेदिकाला मांडीवर घ्यायची, तिचे केस हुंगायची. केसांना गोठ्याचा, चुलीचा वास यायचा. नाशिकच्या घरातला कुठलाच वास त्यात उरला नव्हता.

दोन महिन्यांचे चार झाले. थंडीत ईशानीची छाती भरली, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. उन्हाळ्यात आणू, मग दिवाळी झाली की आणू, असं करता करता वेदिका बोलायला लागली. ती नवसाबाईला 'आई' म्हणायची. सुवर्णाला 'सुवर्णा' म्हणायची, कारण त्या घरात सगळे तिला तीच हाक मारत. गल्लीतल्या बाया हसायच्या. सुवर्णाही हसायची.

एका गोष्टीवर मात्र तिचा जीव होता. वेदिकानं पहिलं पाऊल टाकलं ते तिच्यासमोर. रविवार होता, ओट्यापासून तुळशीपर्यंत सात पावलं, आणि शेवटी सुवर्णाच्याच मांडीवर येऊन आदळली. नाशिकला परतल्यावर सुवर्णानं हे यशोदाबाईंना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दुधवाल्यालाही सांगितलं.

मुलींना अडीच वर्षं झाली, त्या सुमाराला एका रविवारी खंडेरावांचे स्नेही निवृत्ती ओट्यावर गप्पा मारत बसले होते. वेदिका अंगणात धावत होती. खंडेराव कौतुकानं म्हणाले, "ही काय आज पळतीय का? पहिलं पाऊल टाकलं तेबी बुधवारीच. पण आमच्या हिनं तंबी दिली सगळ्यांना, रविवारी सुवर्णा येस्तोवर कुणी बोलायचं नाय." बोलून गेल्यावर त्यांचं लक्ष दारात उभ्या असलेल्या लेकीकडे गेलं.

सुवर्णा मागच्या अंगाला गेली. नवसाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.

"आई, ती माझ्यासमोर पहिल्यांदा चालली नव्हती ना?"

नवसाबाईचे हात थांबले. "ह्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाय."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तू तिकडं बारकीच्या छातीला कान लावून बसलेली. तुला फोन करून म्हणू, तुझी पोर चालली? चार दिवस कडेवरून खाली ठेवली नाय मी तिला. कंबर मोडली माझी."

सुवर्णा तिच्याजवळ मातीतच बसली. राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना.

"मला ती परत हवीय, आई."

"मग ने की. तुझीच हाय." नवसाबाईनं पुढची जुडी बांधायला घेतली आणि दोरा इतका ओढला की देठ मोडले.

नाशिकला आल्यावर सुवर्णानं यशोदाबाईंना विचारलं, पुढच्याच रविवारी घेऊन येऊ का? यशोदाबाई म्हणाल्या, "झाड उपटल्यासारखं नको करू. आधी तूच तिच्यात जाऊन राहा."

मे महिन्यात ईशानीला घेऊन सुवर्णा सायखेड्याला जाऊन राहिली. पहिले आठ दिवस वेदिका तिच्या हातचा घास घेईना. रविवारची पाहुणी सोमवारीही गेली नाही, याचंच तिला नवल वाटत होतं. सुवर्णानं जबरदस्ती केली नाही. नवसाबाई वेणी घालायची तेव्हा ती जवळ बसायची, अंघोळ घालायची तेव्हा पाणी ओतायची. ईशानी मात्र बहिणीच्या मागे शेपटासारखी फिरायला लागली. वासराला हात लावायला वेदिकानंच तिला शिकवलं. एका दुपारी वेदिकाच्या पायात काटा मोडला. नवसाबाई मळ्यात होती. वेदिकानं आजूबाजूला पाहिलं आणि पाय सुवर्णापुढे धरला. दुसरं कुणी नव्हतं म्हणून धरला, हे सुवर्णाला कळत होतं. तरी तिला ते पुरलं.

जूनमध्ये सुवर्णा दोघींना घेऊन नाशिकला परतली. ज्ञानेशनं साहेबांच्या मागे लागून कायमची सकाळची शिफ्ट मागून घेतली. चारला घरी येऊन तो दोघींना बागेत न्यायला लागला. दुपारचे दोन तास यशोदाबाई मुलींना खाली नेत. "जेव, अंग टाक जरा," असं सुवर्णाला बजावून जात. तेवढ्या दोन तासांवर सुवर्णाचा उरलेला दिवस निभत असे. हे आधीच मागितलं असतं तर, असा विचार तिच्या मनात रोज यायचा. त्या मंगळवारच्या आधी आपण मदत मागायला एकदाही खालच्या मजल्यावर का उतरलो नाही, हे तिला आता आठवूनही सांगता येत नव्हतं.

वेदिका रोज सकाळी चपला घालून दारात उभी राहायची. "आईकडे जायचं." फोन लावला की खंडेराव बोलायचे. "ती मळ्यात गेलीय." मागून बांगड्यांचा आवाज यायचा. पोरीला आवाज ऐकू आला तर ती रुळायची नाही, म्हणून नवसाबाईनं पंधरा दिवस फोन हातात घेतला नाही. सोळाव्या दिवशी घेतला, पण त्या वेळी वेदिका इकडे खेळात रमली होती. तिला बोलवायला नको, असं नवसाबाईच म्हणाली.

हळूहळू ईशानीचं ऐकून वेदिका सुवर्णाला 'मम्मी' म्हणू लागली. 'आई' ही हाक सायखेड्यालाच राहिली. सुवर्णानं ती कधी दुरुस्त केली नाही.

पुढच्या वर्षी दोघींना शिशुवर्गात घालायचं ठरलं. शाळेनं दोन फॉर्म दिले. पहिला दात कधी आला, पहिला शब्द कोणता, कशाला घाबरते, कुठली सवय. ईशानीचा फॉर्म सुवर्णानं पाच मिनिटांत भरला. वेदिकाचा पुढे ओढला आणि पेन तसंच धरून बसली. मग सायखेड्याला फोन लावला.

"दात? खालचा आधी आला," नवसाबाई म्हणाली. "टमाट्याची लागवड चालू होती बघ, त्याच आठवड्यात. माझ्या बोटाला चावली अन् हसली. घाबरायची म्हणशील तर कुकरच्या शिट्टीला. शिट्टी व्हायच्या आधी मी तिचे कान झाकायचे."

सुवर्णा लिहीत गेली. रकाने भरले, खाली सही झाली.

"अजून काय लिहायचंय? इचार ना," नवसाबाई म्हणाली.

सुवर्णानं पेनाला टोपण लावलं. "हो, अजून आहे, आई. अंघोळीला रडायची का गं ती?"

"नाय गं. पाणी लय आवडायचं तिला. घंगाळात बसवली की..." नवसाबाई सांगत राहिली, आणि सुवर्णा भिंतीला टेकून ऐकत राहिली.