तारखेचा चौकोन

राई गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सुलूमावशी शेजारी एकट्याच राहतात. शाळेत शिपाई होत्या, आता रिटायर झाल्यात. रोज सकाळी खाडीवर फिरून येतात आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेनाने काहीतरी काढतात. ओळखू येईल असं चित्र नसतं, नुसते ठिपके, रेघा, वर्तुळं.

"ही माझी डायरी," त्या म्हणतात. "शब्दांत लिहिलं की कोणीपण वाचतं."

मला चौकशा फार. एकदा विचारलं, "हे काय, खेकड्यांची बिळं?"

"बिळंच. पण त्या दिवशी डोकं ठणकत होतं, म्हणून एवढी दाट."

तेव्हापासून मी प्रत्येक चौकोनाचा पिच्छा पुरवायचे. जूनमधला एक मला भारी आवडला होता. पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळं होती. त्याबद्दल विचारलं की मात्र मावशी कॅलेंडरचं पान उलटायच्या.

दिवाळीत मी आगाऊपणा केला आणि दारात त्याच वर्तुळांची रांगोळी काढली. चित्रात बाहेरचं वर्तुळ एका जागी उघडं होतं. रांगोळीत तुटकी रेघ कोण ठेवतं? मी ती जोडून टाकली. अख्ख्या मजल्याने कौतुक केलं.

मावशी आल्या, त्यांनी रांगोळी बघितली. मग खाली वाकून, मी जोडलेला तेवढाच तुकडा त्यांनी बोटाने पुसला.

"त्या दिवशी माझा यतीन भांडून घरातून गेला," त्या म्हणाल्या. "पोराला परत यायला वाट नको?"