दोनचा बीपी

दोनचा बीपी मी अकराच्या आधीच लिहून ठेवला. बाराचाही. दोन्हींपुढं झोकात सही ठोकली.

कारण ऐकाल तर कीव येईल, नाहीतर राग. शिरूरच्या एका वीस खाटांच्या दवाखान्यात मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. गावाकडची माणसं मला बिनदिक्कत ‘ओ सिस्टर’ म्हणतात, मीही ओ देतो. या कामाला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असावी लागते. माझी महिनाअखेरीस संपत होती. नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे तास लागतात, आणि ते मी वर्षानुवर्षं ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत घालवले होते. आता शेवटची कार्यशाळा उरली होती, दौंडला, दुपारी साडेबाराला. विषय : नर्सिंगमधला कायदा आणि नीतिमत्ता. म्हणजे कायदा शिकायला वेळेवर पोचावं म्हणून मी खोटी नोंद केली. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

पाच नंबरच्या खाटेवर न्हावऱ्याच्या एक मावशी होत्या. आदल्या दिवशी त्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं. दर दोन तासांनी बीपी बघायचा. सकाळपासून प्रत्येक वेळी एकशे तीस-ऐंशी. म्हटलं, बाराला नि दोनला काय वेगळा येणार? इन्चार्ज सिस्टरना ‘बाराचं बघून मग निघतो’ असं सांगितलं आणि अकराला बाइकला किक मारली.

दौंडच्या हॉलमध्ये एक निवृत्त मेट्रनबाई विचारत होत्या, “न केलेल्या कामाची नोंद केली तर काय होतं?”

मी पहिल्या रांगेतून हात वर केला. “नोंदणी रद्द होऊ शकते, मॅडम.”

“शाब्बास!”

पावणेदोनला फोन वाजला. इन्चार्ज सिस्टर.

“कुठंयस तू? मावशींचा बीपी सत्तर-चाळीसवर आलाय. आतून रक्त जातंय. परत ऑपरेशनला घेतलंय त्यांना. आन् तुझ्या कागदावर दोन वाजता एकशे तीस-ऐंशी हाय. अरे, दोन वाजायचेत अजून!”

मी हॉलमधल्या घड्याळाकडं बघितलं. सिस्टर बोलतच होत्या.

“बाराला मी आले हुते. बारापुढं तुझी सही बघितली आन् खालचं न बघताच पुढं गेले. एक वाजता त्यांच्या सुनेनं हाक मारली, सासू घामानं भिजलीय म्हणून. तास गेला, कळतंय का? तास!”

हजेरीची सही शेवटी घेणार होते. मी तसाच उठलो. परतीचा रस्ता नीट आठवत नाही. न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो, तेव्हा ट्रॉलीवरचा माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता, कारण मी मोठमोठ्यानं बोलत होतो. मावशी जगू दे, म्हणत होतो. आणि सांगायला लाज वाटते, मधूनच नोंदणीही टिकू दे म्हणत होतो.

पोचलो तेव्हा मावशी अजून आतच होत्या. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. “रक्त थांबलंय. पण रात्रभर काही सांगता येणार नाही.” मग त्यांनी कोरी शीट माझ्यापुढं टाकली. “जुनी फाड. दहापर्यंतचं उतरवून काढ. बारा आणि दोन कोरं सोड. गर्दी होती म्हणू.”

ते आत गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, “फाडलीस तर दुसरा गुन्हा. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पायजे. चुकीची नोंद म्हणून लिही, वेळ टाक, सही कर.”

मी काय केलं? कोरी शीट पुढं ओढली. आठपर्यंतचं उतरवूनही झालं. अक्षर मोठं सुंदर येत होतं.

तेवढ्यात मावशींची सून काउंटरशी आली. हातात रुमालात बांधलेल्या सासूच्या बांगड्या.

“दादा, बाराला तुम्हीच बघितलं न्हवं? तवा चांगलं हुतं का त्यांचं? मी जेवाया गेले हुते. माझंच ध्यान राहिलं न्हाई का?”

ती सगळं स्वतःवर घेत होती. आणि मी पेन धरून बसलो होतो.

“नाही ताई,” मी म्हणालो. “बाराला मी बघितलंच नाही. मी इथं नव्हतोच. खोटं लिहिलं.”

तिनं रुमालाची गाठ सोडली, परत बांधली, आणि जाऊन बाकावर बसली.

मी जुन्या शीटवर दोन्ही नोंदींवर एकेक रेघ मारली, लिहिलं, सही केली. ती सही कुठल्या बँकेनं मानली नसती. डॉक्टरांनी मला संध्याकाळीच घरी बसवलं. घडलं ते सगळं मी कौन्सिलला लिहून पाठवलं. तास बुडाले, नोंदणीची मुदतही संपली. आता पत्राची वाट बघतोय. टपालवाल्याची गाडी गल्लीत वळली की दारात जाऊन उभा राहतो.

मावशी वाचल्या. वॉर्डात आणल्याचं कळल्यावर मी भेटायला गेलो. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“त्या दिशी मी जागी हुते,” त्या म्हणाल्या. “दंडाला पट्टा न बांधताच लिवत हुतास तू. म्हटलं, शिकल्यालं पोरगं हाय, आसंल ह्याला नुसतं बघून कळत. म्हनून बाराला गरगराया लागलं तरी हाक मारली न्हाई. लिवलंय म्हंजी बरंच आसंल.”

पलीकडं सून मोसंबी सोलत होती.

“मीच येडी,” मावशी सुनेकडं बघून म्हणाल्या. “तोंडावरनंच वळखाया पायजे हुतं, ह्येला काय बी येत न्हाई.”