मोजून ओतलेलं तेल

मुलीची शर्यत मला थांबवता आली नाही, म्हणून मी तिच्या गाडीचं तेल ताब्यात घेतलं. यात शहाणपण नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण जिची एकुलती एक लेक मोटरसायकलवर जमिनीला गुडघा घासत वळण घेते, त्या बाईकडून शहाणपणाची अपेक्षा करू नये.

मी फार्मासिस्ट आहे. कोठी भागातल्या एका औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. घर बरकतपुऱ्यात, माणसं मूळची नांदेडकडची. आमच्याकडे आजोबा शिकले, वडील शिकले, मी शिकले, ते एकाच इच्छेनं: पुढच्याचे हात काळे होऊ नयेत. आणि माझी मुलगी इंजिनिअरिंग करून दर रविवारी कुकटपल्लीच्या एका गॅरेजात जायची आणि कोपरापर्यंत काळी होऊन यायची. वर मलाच सांगायची, "मम्मी, टेन्शन नक्को घेऊ." जणू मी ते हौसेनं घेत होते. तिचे बाबा नोकरीच्या गावाहून फोनवर हसायचे. लांब असलं की हसायला सोपं जातं.

ते गॅरेज ज्यांचं, त्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. मी पहिल्यांदा तिथे गेले ती भांडायला. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि माझी भीती घालवायची म्हणून इंजिन समजावून सांगितलं. शर्यतीत इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे मारतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये फक्त तेलाचा पातळ थर असतो. "वो परदा फटा, तो लोहा लोहे कू पकड लेता, आपा. पीछे का चक्का जाम, और गाडी उछाल के फेंक देती." हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

पण त्यातून मला धरायला काहीतरी मिळालं. वळण माझ्या हातात नव्हतं, मागून येणारी गाडी नव्हती, मुलीचा हट्ट तर मुळीच नव्हता. तो थर मात्र माझ्या हातात येऊ शकत होता. मी तेल शिकायला लागले. डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला थंड तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं ते. फार दाट घेतलं तर इंजिनची ताकद तेल घुसळण्यातच जाते, फार पातळ घेतलं तर उष्णतेत थर टिकत नाही. रस्त्यावरच्या गाडीला महिनोन् महिने चालतं ते तेल शर्यतीच्या इंजिनात दोन दिवसांत थकतं. काढलेलं तेल उस्ताद अंगठा आणि बोटात चोळून उन्हात धरायचे, धातूची चमक दिसते का बघायचे. मीही बघायला लागले. रात्री डोळा लागेना तेव्हा मी तेलाचे तक्ते वाचायचे.

मग पद्धतच पडली. उस्ताद चिठ्ठीवर तेल लिहून देणार, मी कोठीतून आणणार, आणि ओतणारही मीच. डब्यातून थेट ओतणं मला पटत नाही. दुकानातलं जुनं काचेचं मोजपात्र मी घरी आणलं होतं, त्यात मिलिलिटरपर्यंत मोजून मी ओतायचे. मुलगी हसायची, "मम्मी गाडीला सिरप पाजते."

त्या गुरुवारी चिठ्ठीवर नेहमीचंच होतं: दहा-डब्ल्यू-चाळीस, पुढे एम-ए-टू. तेलाच्या दुकानदाराकडे ते संपलं होतं, सोमवारी येणार होतं. शर्यत रविवारी. शेजारच्या फळीवर मोठा चकचकीत डबा होता. आकडे तेच, दहा-डब्ल्यू-चाळीस. वर 'रेसिंग' लिहिलेलं, आणि आमच्या नेहमीच्या तेलापेक्षा कितीतरी भारी. दुकानदारानं विचारलं, "कार के वास्ते?" मी म्हटलं, "रेस के वास्ते." त्यानं डबा पुसून दिला.

माझं दिवसभराचं काम हेच आहे. लिहिलेली कंपनी नसली की मी पेशंटला सांगते, औषध तेच आहे, मात्रा तीच आहे, कंपनी वेगळी आहे, काळजी करू नका. माणसं विश्वास ठेवतात आणि ठेवावा असंच ते असतं. मी स्वतःलाही तेच सांगितलं. पुढची अक्षरं मला कंपनीची काहीतरी खूण वाटली. गोळीच्या नावापुढचं एस-आर, म्हणजे सावकाश विरघळणारी, हे वाचल्याशिवाय जिनं कधी पट्टी फाडली नाही, तिनं लेकीच्या गाडीची अक्षरं सोडून दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासाठीच.

शुक्रवारी पार्किंगमध्ये मुलीनं जुनं तेल काढलं, मी मोजपात्रातून नवं ओतलं. तिनं विचारलं, "तेच आहे ना?" मी म्हटलं, "तेच आहे." काउंटरवर मी पूर्ण वाक्य बोलते. घरी अर्धंच बोलले.

शनिवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर सराव होता. पहिल्या तीन फेऱ्या नीट गेल्या. चौथीपासून सरळ रस्त्यावर तिच्या इंजिनचा आवाज वर चढायचा आणि गाडी मात्र मागेच राहायची. ती आत आली आणि म्हणाली, "उस्ताद, क्लच फिसल रा." उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "आपा, तेल लिखा सो वहीच डाले ना?"

मी हो म्हटलं. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

"फिर हात का काम है," ते मुलीला म्हणाले. "उंगली क्लच पे रखरी तू." नवशिक्यांची सवय असते म्हणे, बोटं दांडीवर टेकून ठेवायची. त्या भारानं क्लच अर्धवट सुटतो. मुलगी म्हणाली, मी ठेवत नाही. ते म्हणाले, ठेवतेस, तुला कळत नाही. तिनं चिकटपट्टी काढली आणि डाव्या हाताची बोटं हँडलच्या मुठीलाच गुंडाळून टाकली, फक्त एक मोकळं ठेवलं. तशी ती पुन्हा गेली. गाडी पुन्हा घसरली.

ती ट्रॅकवर असताना उस्ताद मला त्यांच्या पद्धतीनं समजावत होते. कारमध्ये क्लच कोरडा असतो, मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून मोटरसायकलचं तेल वेगळं, एम-ए-टूचं. एकदा एका साहेबानं हौसेनं कारचं महाग तेल ओतलं होतं. "उसमें फिसलाने की दवा रहती, आपा. कार कू अच्छी, क्लच कू जहर."

मी पाणी आणते म्हणून उठले. डबा आमच्या पिशवीत होता. गाड्यांच्या रांगेमागे उभी राहून मी मागची बारीक अक्षरं वाचली. कारसाठी. एम-ए-टू कुठेही नव्हतं. मी डबा पिशवीच्या तळाशी घातला आणि वरून टॉवेल टाकला.

परत आले तर मुलगी जमिनीवर बसून चिकटपट्टी ओरबाडत होती. ती लहानपणापासून फारशी रडत नाही. त्या दिवशी उस्तादांसमोर, बाकीच्या पोरापोरींसमोर रडली. "माझ्याच्यानं नाही होत. दोन वर्षं झाली, माझा हातच बेकार आहे. मम्मी, तू बरोबर बोलत होतीस. मी सोडते."

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. दोन वर्षं मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून जे मागत होते, ते ती स्वतःच्या तोंडानं म्हणत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे बाळा. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही."

संध्याकाळी मी तिच्या आवडीचा बगारा खाना आणि दालचा केला. तिनं दोन घास खाल्ले. तिनं उस्तादांचं नाव काढलं की मी तिच्या ताटात आणखी भात वाढायचे. चोराच्या मनात चांदणं. डबा मी माळ्यावर जुन्या बादलीत ठेवला, मग तिथून काढून माझ्या दुकानाच्या पिशवीत ठेवला. स्वतःला म्हणत होते, जीव वाचला, हात गेला तर गेला. हात म्हणजे तरी काय, एक शौक.

रविवारी सकाळी ट्रॅकवर जायचं होतं, पण फक्त गाडी परत आणायला. मी खाली स्कूटर काढली आणि नेहमीसारखी किल्ली तिच्यापुढे धरली. सोळाव्या वर्षापासून स्कूटर तीच चालवते, मी मागे बसून प्रत्येक सिग्नलला ओरडते. तिनं किल्ली घेतली नाही.

"तूच चालव," ती म्हणाली. "माझ्या हाताचा काय भरवसा."

हे ती चिडून बोलली असती तर मी सोसलं असतं. ती अगदी साधेपणानं बोलली, पाऊस येईल छत्री घे म्हणावं तशी. मी स्कूटर चालवली. तिनं मागून माझ्या खांद्याला धरलं होतं, घाबरलेली माणसं धरतात तसं घट्ट. तिसऱ्या सिग्नलला मला पुढचा लाल दिवा नीट दिसेना. मी स्कूटर कडेला घेतली, पिशवीतून डबा काढला आणि तिच्या हातात दिला.

तिनं पुढून वाचलं, मागून वाचलं. मी चिठ्ठीपासून सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "मी बोटांना पट्टी लावली, तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही."

"रडले तेव्हा?"

शेजारून सिटी बस गेली. तेवढा वेळ मला मिळाला, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"हो," मी म्हटलं. "तू सोडशील म्हणून बोलले नाही. तुला काही होईल अशी भीती वाटते गं मला."

तिनं डबा परत पिशवीत टाकला. खाली उतरली, पुढे आली आणि म्हणाली, "सरक." उरलेला रस्ता तिनं स्कूटर चालवली. मी मागे बसले आणि एकाही सिग्नलला तोंड उघडलं नाही.

उस्तादांना तिनंच सांगितलं, माझ्यादेखत, तीन वाक्यांत. त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं, ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मग ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "माफ कर दे बेटी, मैं तेरे हात कू बोला." शर्यत दुपारी होती, आणि त्यांच्या पेटीत योग्य तेलाचे दोन डबे होते. त्यांनी कारचं तेल काढलं, एका डब्यानं इंजिन धुऊन घेतलं, क्लचच्या प्लेटा बदलल्या, फिल्टर बदलला. दुसरा डबा उघडून मुलीनं तेल स्वतः ओतलं, थेट डब्यातून, इंजिनच्या छोट्या काचेतल्या खुणेपर्यंत. मोजपात्र माझ्या पिशवीतच होतं.

हेल्मेटची पट्टी आजवर मी बांधत आले. त्या दिवशी तिनं हनुवटी उस्तादांपुढे केली.

सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि गाडी सुटली. सरळ रस्त्यावर ती कुठेही अडखळली नाही, आवाजाबरोबर पुढे जात राहिली, आणि कालपेक्षा कितीतरी वेगानं पहिल्या वळणात शिरली. तो वेग मीच तिला परत दिला होता. पहिल्या फेरीपासून शेवटच्यापर्यंत मी कुंपणाची जाळी धरून उभी होते. तेल बरोबर होतं हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्येक वळणाला वाटायचं की आता फाटला तो थर.

ती अठरा जणांत आठवी आली. आत येऊन गाडी लावली, हेल्मेट काढलं, हातमोजा ओढून काढला आणि डावा हात उस्तादांसमोर धरून बोटं उघडून दाखवली.

"उस्ताद, मेरा हात बराबर है," ती हसत म्हणाली.

मी दोन पावलांवर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. तिला तहान लागलेली दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या मुलीकडे पाणी मागितलं.