किल्लेदाराची वाक्यं

शिफा कॉलेजात आली तेव्हा तिला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. निगडीच्या कॉलेजात मी अभिनय शिकवते. जुन्या काळातली, ऐतिहासिक नाटकं हा माझा विषय. या नाटकांत चार-चार ओळींचं वाक्य एका श्वासात पेलावं लागतं. नऊवारीत चालायला, बसायला, उठायला शिकावं लागतं. बहुतेक मुलींना वाटतं, साडी नेसली की झालं. शिफाला तसं वाटलं नाही. सलवारीवरच जुनी साडी कासोटा घालून नेसायची आणि रिकाम्या वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तासभर चालायची. पण ‘डोळे’ म्हणताना ‘डोले’ व्हायचं आणि पोरं हसायची.

“घरी मराठी कुणाशी बोलतेस?” मी विचारलं.

“अब्बांशी. अम्मी लातूरकडची, तिच्याशी हिंदीच. अब्बा भोसरीतच वाढलेत, मॅडम. त्यांचा ळ एकदम साफ आहे.”

अब्बा म्हणजे अजीजभाई. भोसरीत त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज होतं. मुलीची अडचण कळल्यावर त्यांनी तिला गॅरेजातल्या वस्तूंवरच शिकवायला घेतलं. हातात एकेक वस्तू धरायची आणि तिच्याकडून नाव म्हणून घ्यायचं: नळी, खिळा, गोळी, साखळी. महिन्याभरात शिफाचा ळ असा साफ झाला, की हसणारी पोरं गप्प झाली.

त्या वर्षी स्पर्धेसाठी मी स्वतः एक नाटक लिहिलं. चार महिने वेढा पडलेला एक गड, त्यावरचा म्हातारा किल्लेदार आणि त्याची मुलगी यमुना. जवळजवळ सगळं नाटक या दोघांच्या बोलण्यातच होतं. किल्लेदाराचं काम रणजीत नावाच्या मुलाला दिलं आणि यमुना शिफाला.

घरी तालीम करायची तर समोरचं कुणी हवं. अजीजभाई म्हणाले, “मी वाचतो की.” सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सुरुवातीला बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचायचे. पुढे पुढे कागद लागेनासा झाला. गाडीखाली आडवं पडून पाना फिरवता फिरवता ते किल्लेदार व्हायचे आणि शिफा स्टुलावर बसून यमुना.

एकदा माझ्या स्कूटरची क्लच केबल तुटली म्हणून मी तिथं गेले, तेव्हा ते ऐकलं. गाडीखालून आवाज येत होता, “गडावरचं पाणी संपलं, यमुना. आमचा धीर संपलेला नाही.” रणजीत हे वाक्य ओरडून म्हणायचा. अजीजभाईंनी ते हळू म्हटलं, वाईट बातमी बाप जसा पोरीला सांगतो तसं.

“अजीजभाई, किल्लेदार तुम्हीच व्हा,” मी म्हणाले.

ते बाहेर आले, हात पुसले, लाजले. “कशाला चेष्टा करता मॅडम. आमाला ष्टेजवर कोण बघणार? पोरगी हाय ना, तिला बघा.” आणि मग जरा थांबून, “पहिल्या रांगेतला एक पास मात्र द्या. तिच्या अम्मीलाबी आणतो.”

दोन पास मी बाजूला काढून ठेवले.

स्पर्धेला बारा दिवस असताना, सकाळी गॅरेजचं शटर वर ढकलता ढकलता अजीजभाई खाली कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला आणि वाचा गेली.

शिफानं फोनवर एवढंच सांगितलं, “मॅडम, मला नाही जमणार.” मी यमुनेचं काम पूनमला दिलं. तिनं उरलेल्या दिवसांत पाठ केलं. आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी विचारलं तेव्हा मी त्यांवर कुणाला बसू दिलं नाही. का, ते सांगता येणार नाही.

तीन आठवड्यांनी अजीजभाईंना दवाखान्यातून घरी आणलं. मी भेटायला गेले. माझ्याकडे बघून अजीजभाईंच्या डोळ्यांत ओळख आली, ओठ हलले, पण नुसता घशातला आवाज निघाला. समजत सगळं होतं. पाणी हवं असलं तरी शब्द सापडत नव्हता. चिडून ते डाव्या हातानं पलंगाची कड बडवायचे. त्यांची बायको झुलेखा एकेक वस्तू पुढे करायची: ये? ये चाहिए?

मग एक दिवस शिफाचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. “मॅडम, अब्बा बोलले.”

झालं असं, की त्यांच्या पायाला तेल लावताना ती स्वतःशीच यमुनेची वाक्यं पुटपुटत होती. काम तर हातचं गेलं होतं, पण तोंडातून जात नव्हतं. “बाबा, टाक्याकडे गेलेली माणसं परत का आली?” असं ती म्हणाली, आणि पलंगावरून स्वच्छ, सावकाश उत्तर आलं, “गडावरचं पाणी संपलं, यमुना. आमचा धीर संपलेला नाही.”

वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावून सांगितलं. नेहमीचं बोलणं आणि पाठ झालेलं बोलणं यांच्या जागा मेंदूत कधी कधी वेगळ्या असतात. एक गेली तरी दुसरी राहते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, फार आशा धरू नका.

पण घरात तेव्हा सणासारखं झालं होतं. अजीजभाईंना थोड्याच दिवसांत कळलं, की आपल्याकडे किल्लेदाराची वाक्यं आहेत. तहान लागली की “गडावरचं पाणी संपलं.” खिडकी उघडायची असली की “दरवाजा आतूनच उघडेल.” फार दुखलं की “ही रात्र तेवढी निघू दे.” शिफा समोरून यमुनेचं वाक्य म्हणायची, म्हणजे त्यांना धागा सापडायचा. पाहुण्यांना हसू यायचं. शिफाला यायचं नाही. कारण आता तिला ते शिफा म्हणत नव्हते. ती यमुनाच झाली होती.

मी पुन्हा गेले तेव्हा झुलेखा मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं. म्हणाली, “मॅडम, एक पूछना था. तुमी नाटक लिवलं. त्या किल्लेदाराला बायको का नाही दिली?”

बायको मेलेली आहे, असं मी पहिल्याच पानावर एका ओळीत उरकलं होतं.

“निकाह को पच्चीस साल झाले,” ती म्हणाली. “पोरीसंगं बोलतात. माझ्यासाठी एकबी वाक्य नाही त्यांच्याकडे.”

त्या आठवड्यात मी किल्लेदाराच्या बायकोसाठी पाच वाक्यं लिहिली. शिफानं ती घेऊन अब्बांसमोर बसकण मारली. श्वास कसा घ्यायचा, शब्द कुठे टेकवायचा, जे जे मी तिला शिकवलं होतं ते तिनं बापाला शिकवलं. दोन महिने रोज. पाचातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडी बसलं नाही. मग तिनं वाक्यं सोडून नुसतं नाव घेतलं. झु-ले-खा. ते तिच्या ओठांकडे बघत राहायचे, प्रयत्न करायचे, घामाघूम व्हायचे. एकदा रडले. त्या दिवशी झुलेखानंच कागद मिटून ठेवला. “बस. नको सतावू त्यांना.”

मग झुलेखानं जे केलं ते मला जन्मात सुचलं नसतं. शिफा पदवीनंतर चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला लागली होती, दिवसभर बाहेर असायची. झुलेखाला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं शिफाकडून यमुनेची वाक्यं मोबाइलमध्ये म्हणून घेतली आणि भाकरी थापताना, कपडे धुताना ऐकून ऐकून पाठ केली.

मी एका दुपारी ते पाहिलं. अजीजभाई उशीला टेकून बसले होते. झुलेखा समोर, पदर डोक्यावर, एक गुडघा वर घेऊन. तेही शिफानं शिकवलेलं. ‘ळ’चा ‘ल’ करत, अडखळत ती म्हणाली, “बाबा, तुमचा डोला लागला नाही रात्री?” नवऱ्याला बाबा म्हणताना सुरुवातीला तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं, असं शिफानं मला सांगितलं होतं. आता होत नव्हतं. अजीजभाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तू जवळ आहेस तोवर आम्हास चिंता नाही, यमुना,” ते म्हणाले. झुलेखानं मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं.

पुढच्या डिसेंबरात दुसरा झटका आला आणि अजीजभाई गेले. कुठलंही वाक्य न बोलता, झोपेत.

दीड वर्षानं मी ते नाटक पुन्हा बसवायला घेतलं आणि शिफाला बोलावलं. माजी विद्यार्थिनी म्हणून चालणार होतं. तिनं कंपनीत शिफ्ट बदलून घेतली आणि आली. चाल तशीच, आवाज पूर्वीपेक्षा भरलेला. या कामासाठी तिच्याइतकी तयार मुलगी मी पाहिलेली नाही, हे मी जबाबदारीनं सांगते. किल्लेदाराचं काम सनी नावाचा नवा मुलगा करत होता. चांगला मुलगा, मेहनती. पाण्याच्या प्रसंगाला त्यानं वाक्य टाकलं. शिफाचं वाक्य आलं नाही.

“पुन्हा घेऊ,” मी म्हणाले.

सनीनं पुन्हा म्हटलं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिसऱ्या वेळी तिनं कमरेचा पदर सोडला, साडी उतरवून घडी घातली आणि बाकावर ठेवली.

“वाक्य आठवतंय, मॅडम,” ती म्हणाली. “आठवत नाही असं नाही.”

मी तिला निगडीच्या बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत ती कंपनीतल्या नव्या साहेबांबद्दल बोलली, अम्मीच्या गुडघ्यांबद्दल बोलली. भोसरीची बस लागलेलीच होती. ती खिडकीशी बसली. “अम्मीला काय सांगशील?” मी बाहेरून विचारलं.

“तालीम रद्द झाली म्हणून सांगीन,” ती म्हणाली. “तिनं आजसाठी नवा ड्रेस काढून दिला होता.”

बस सुटली. मी दुसऱ्या दिवशी यमुनेचं काम दुसऱ्या मुलीला दिलं.